टायमिंग चेनचा आवाज येतोय, गणपतीला गाडी कोकणात न्यावी का?

मुलुंडकर | गुरुवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. जरा घाईचा प्रश्न आहे, जाणकारांनी मनापासून सांगावं.

गाडी २०१५ ची डिझेल हॅचबॅक, पहिल्यापासून माझ्याकडेच. काटा १ लाख १२ हजारांवर. रोज मुलुंड ते अंधेरी, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने. महिनाभरापासून सकाळी पहिल्यांदा चालू केली की इंजिनाच्या एका बाजूने खर्रर्र असा आवाज येतो, पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवल्यासारखा. दोन-तीन सेकंद, मग गप्प. नंतर दिवसभर काही नाही. या सोमवारपासून तो पाच-सहा सेकंद टिकायला लागला आणि काल चेक लाइट लागला. कोपऱ्यावरच्या गॅरेजात स्कॅनर लावला तर कोड पी००१६ आला. मिस्त्री म्हणाला, "टायमिंग चेन ढिली झालीय. पण एवढ्यात काही होत नाही, गणपती करून या, मग खोलू."

येत्या बुधवारी गणपती. रविवारी पहाटे निघायचं ठरलंय, गाव राजापूर तालुक्यात. सोबत आई-बाबा, बायको, सहा वर्षांची मुलगी आणि मखराचं सामान. गेल्या वर्षी बाबांच्या आजारपणामुळे आम्हाला गावच्या घरी जाता आलं नव्हतं. ते महिनाभर आधीपासून पिशव्या भरून बसलेत.

६०-७० च्या वर न जाता हळूहळू नेली तर चालेल का? आल्यावर लगेच काम करून घेईन.

---

लोअर_परळ | गुरुवार, रात्री ११.०५

माझ्या आधीच्या गाडीला असाच आवाज होता. चार महिने तशीच चालवली, पुण्याला दोनदा जाऊन आलो, काही झालं नाही. घाबरू नका, पण परत आल्यावर काम टाळू नका.

---

निवृत्त_फिटर | शुक्रवार, सकाळी ६.२०

मुलुंडकर, तुमचा प्रश्न रात्री वाचला आणि राहवेना. मी बसच्या डेपोत तीस वर्षं इंजिनं खोलली. आमच्या मोठ्या डिझेल इंजिनांत टायमिंगला चेन नसायची, दातेरी चाकंच एकमेकांत गुंतलेली असायची. पण निवृत्तीनंतर भाच्याच्या गॅरेजात बसतो, तिथे चेनवाल्या गाड्या रोज बघतो. सविस्तर लिहितो, कारण "काही होत नाही" हे वाक्य ऐकून बरबाद झालेली इंजिनं मी हातात घेतली आहेत.

खाली क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा. वर कॅमशाफ्ट, म्हणजे वॉल्व (इंजिनाच्या झडपा) उघडणारा दांडा. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. हा हिशेब एका दाताने सुद्धा चुकू नये म्हणून त्यांना चेनने बांधलेलं असतं. गाडी हायवेला २४०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला २४०० फेऱ्यांवर, चालली आहे असं धरा. क्रँक सेकंदाला ४० वेळा फिरतो आणि प्रत्येक वॉल्व सेकंदाला २० वेळा उघडतो, मिटतो. तुमच्यासारख्या डिझेल इंजिनात पिस्टन वर येतो तेव्हा त्याच्यात आणि उघड्या वॉल्वमध्ये जागाच उरत नाही. वॉल्व वेळेवर मिटला म्हणूनच पिस्टन त्याला शिवत नाही. चेन काही दात घसरली तर पिस्टन वॉल्वला ठोकतो, वॉल्व वाकतात, कधी तुटून आत पडतात. चेनच तुटली तर मग विचारायलाच नको.

आता सकाळचा आवाज. चेनला ताण देणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की त्यातलं ऑइल थोडं उतरतं. सेल्फ मारल्यावर पंप दाब तयार करेपर्यंत चेन मोकळी असते आणि तिला धरणाऱ्या गाईडवर, कव्हरवर आपटते. चांगल्या इंजिनात हा काळ जाणवतही नाही. तुमचा आवाज दोन सेकंदांवरून सहावर गेला म्हणजे टेन्शनर तरी थकलाय, नाहीतर चेन इतकी वाढलीय की टेन्शनरचा दांडा पूर्ण बाहेर येऊनही पुरत नाही.

चेन "वाढते" म्हणजे लोखंड ताणलं जात नाही. तिच्या सांध्यांतल्या पिना आणि बुश झिजतात. शे-सव्वाशे सांधे, प्रत्येकात मिलिमीटरचा शंभरावा भाग गेला तरी अख्खी चेन मिलिमीटरभर लांब होते. तेवढ्याने कॅम मागे पडायला लागतो आणि मग संगणकाला क्रँक आणि कॅमच्या खुणा जुळेनाशा होतात. पी००१६ चा अर्थ तोच. सेन्सर किंवा वायरिंगमुळेही हा कोड येतो, नाही असं नाही. पण आवाज आणि कोड दोन्ही एकत्र आले की मी सेन्सरवर ढकलणार नाही.

हळू चालवून उपयोग नाही. परशुराम घाटात उतरताना गिअर खाली टाकाल, इंजिनाचे फेरे एकदम वाढतील, चेनला झटका बसेल. झिजलेल्या चेनला घसरायला असे झटकेच लागतात. आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात धोक्याचं काम रोज सकाळी होतंय, गाडी जागेवर उभी असताना. प्रत्येक थंड सेल्फ म्हणजे एक जुगार.

गाडी नेऊ नका. गॅरेजलासुद्धा चालवत नेऊ नका, फ्लॅटबेडवर, म्हणजे गाडी चढवून नेणाऱ्या सपाट ट्रकवर टाका.

---

पार्लेकरीण | शुक्रवार, सकाळी ९.१५

काकांनी इंजिनाचं सांगितलं, मी गाडीत बसलेल्या माणसांचं सांगते.

दोन वर्षांपूर्वी जुलैत, रात्री साडेनऊला, ईस्टर्न फ्री वेवर माझी गाडी चालत्यात बंद पडली. बाहेर धो-धो पाऊस. शेजारी सासूबाई. तीन आठवडे सकाळी तोच आवाज येत होता आणि मी ऑफिसच्या गडबडीत "या शनिवारी दाखवते" म्हणत होते. आधी एक ठाक आवाज आला, मग डॅशबोर्डवर सगळे दिवे, मग शांतता. मागे टँकर.

लोकांना वाटतं इंजिन बंद पडलं म्हणजे गाडी फक्त थांबते. तसं नसतं. स्टिअरिंग एकदम जड झालं. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिनामुळे तयार होतो, साठलेल्यावर एक-दोन वेळा ब्रेक नीट लागतो आणि पुढे पेडल दगडासारखं होतं. मी घाबरून ब्रेक तीन-चारदा दाबून सोडला, तीच चूक झाली. शेवटी दोन्ही पाय देऊन थांबवली. कठड्याला लागून उभी केली, तिथे बाजूला घ्यायला जागाच नाही.

त्या रात्री कळलेलं लिहिते, कुणाला तरी उपयोगी पडेल. ब्रेक एकदाच, धरून, हळूहळू वाढवत दाबायचा. न्यूट्रल करायचं. चावी पूर्ण काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं. हॅझर्ड लावायचे. माणसांनी गाडीत बसून राहायचं नाही, जितकं लांब सुरक्षित उभं राहता येईल तिथे जायचं, आणि ११२ ला फोन.

टँकरवाल्या दादाने गाडी मागे तिरकी उभी करून आम्हाला आडोसा दिला, टो येईपर्यंत चाळीस मिनिटं थांबला. त्याचं नावही विचारायचं राहिलं. सासूबाई आजही फ्री वे म्हटलं की गप्प होतात.

मुलुंडकर, मागच्या सीटवर तुमची मुलगी असणार आहे. कृपा करून नका नेऊ.

---

मुलुंडकर | शुक्रवार, दुपारी १.३०

काका, ताई, मनापासून आभार. तुमचे दोन्ही प्रतिसाद बायकोला वाचून दाखवले.

पण ऑफिसात तीन जणांनी तीन गोष्टी सांगितल्या, त्या विचारतो. एक, जाड ग्रेडचं ऑइल टाकलं की आवाज जातो. दोन, ऑइलमध्ये घालायची बाटली मिळते. तीन, ही गाडी आत्ताच एक्सचेंजला दे, तिथे एवढं कुणी बघत नाही, गरम इंजिनावर आवाज येत नाही.

आणि एक मनातलं. मी सर्व्हिस कधी चुकवली नाही. दर १० हजारांना ऑइल बदललं. विकत घेताना शोरूममध्ये सांगितलं होतं की बेल्ट नाही, चेन आहे, आयुष्यभर हात लावायला नको. मग असं का व्हावं?

---

वर्कशॉपवाला | शुक्रवार, दुपारी ३.५०

कुर्ल्यात गॅरेज आहे, चेनची कामं आम्ही नेहमी करतो. एकेक घेतो.

जाड ऑइल नको. थंड असताना ते टेन्शनरपर्यंत पोचायलाच जास्त वेळ लागतो, म्हणजे चेन जास्त वेळ मोकळी. गरम झाल्यावर आवाज दबल्यासारखा वाटतो, तेवढीच फसवणूक. बाटलीने झिजलेली पिन भरून येत नाही.

तुम्ही सर्व्हिस चुकवली नाही हे खरं, पण मुंबईत किलोमीटरवर जाऊ नका. तुमचा वेग सरासरी ताशी २० धरला तर १ लाख १२ हजार म्हणजे इंजिन ५,६०० तास फिरलंय. तेवढ्या तासांत हायवेला ताशी ६० ने धावणारी गाडी ३ लाख ३६ हजार किमी जाते. लिंक रोडच्या सिग्नलला उभी असतानाही चेन फिरतच असते, आणि तेव्हा आरपीएम कमी म्हणून ऑइलचा दाबही कमी. डिझेलची काजळी ऑइलमध्ये मिसळते आणि सांध्यांत जाऊन बारीक पॉलिश पेपरसारखी घासते. त्यामुळे रोज असा ट्रॅफिक असेल तर मी डिझेलवाल्यांना ऑइल ६-७ हजारांना किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा बदलायला सांगतो. पुस्तकातही अशा वापरासाठी कमी अंतराची सूचना असते, ती शेवटच्या पानांवर असते म्हणून कुणी वाचत नाही. फिल्टरही चांगला घ्या. बऱ्याच फिल्टरमध्ये एक रबरी झडप असते, ती गाडी बंद झाल्यावर ऑइल मागे उतरू देत नाही. स्वस्तातल्या फिल्टरमध्ये ती लवकर कडक होते.

बेल्टला बदलायचा ठरलेला टप्पा असतो, चेनला बहुतेक कंपन्या तो देत नाहीत. त्याचा अर्थ लोकांनी "कधीच नाही" असा घेतला. चेन स्वतः दणकट असते, पण तिला धरून ठेवणारे गाईड प्लास्टिकचे असतात. उष्णतेने ते ठिसूळ होतात. तुकडा पडला की तो खाली ऑइलच्या चेंबरमध्ये जातो, पंपाच्या जाळीवर बसतो, आणि मग ऑइलचा दाबच जातो. म्हणजे चेन टिकली तरी बेअरिंग जाऊन इंजिन सीझ, म्हणजे जाम होऊ शकतं. ऑइलचा लाल दिवा लागला तर पुढच्या सिग्नलपर्यंतही जायचं नाही, तिथेच बंद.

अजून एक, आणि हे मोठ्या अक्षरांत वाचा. गाडी चालत्यात बंद पडली आणि सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भुर्रकन फिरलं, तर समजा टायमिंग गेलं. पुन्हा सेल्फ मारायचा नाही. लोकांना बोलावून धक्का मारायचा नाही. प्रत्येक फेऱ्याला उरलेले वॉल्वही वाकतात. माझ्याकडे आलेल्या अशा गाड्यांत अर्धं नुकसान रस्त्यावरच्या मदतीने केलेलं असतं, आणि ती माणसं भल्यासाठीच धक्का मारत असतात, याचं वाईट वाटतं.

---

लोअर_परळ | शुक्रवार, दुपारी ४.२०

काल मी जे लिहिलं ते मागे घेतो. माझी गाडी चार महिने चालली, पण मला तेव्हा कोड आला नव्हता आणि आवाज वाढत नव्हता. पार्लेकरीण ताईंचं वाचून अंगावर काटा आला. मुलुंडकर, माझ्या भरवशावर निघू नका.

---

टॅक्सीपुत्र | शुक्रवार, सायंकाळी ७.०५

एक्सचेंजबद्दल लिहितो. वडिलांनी एकतीस वर्षं काळी-पिवळी चालवली. पहिली टॅक्सी त्यांनी जुनी घेतली होती. विकणाऱ्याने इंजिन गरम करून दाखवलं होतं. आठ दिवसांत इंजिन बसलं. आईचं मंगळसूत्र त्या कामासाठी गेलं. वडील त्या माणसाबद्दल वाईट बोलले नाहीत कधी, पण पुढे स्वतःची गाडी विकताना समोरच्याला सकाळी सहाला बोलवायचे, थंड इंजिनावर सेल्फ मारायला.

एक्सचेंजला दिलेली गाडी पुढे कुणीतरी घेणारच. बहुतेक पहिल्यांदाच गाडी घेणारं एखादं घर.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये, माहीत असलेल्या किंवा साध्या काळजीने लक्षात आला असता अशा धोकादायक दोषासह गाडी चालवणं हा गुन्हा आहे. तुम्हाला आता माहीत आहे. विम्याचंही तसंच, साध्या पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड धरत नाहीत. इंजिनासाठी वेगळं संरक्षण घेतात ते मुख्यतः पाणी शिरणं आणि ऑइल गळतीसाठी असतं. हिंदमाताला पाण्यात अडकलात तर कामाला येईल, झिजलेल्या चेनसाठी नाही.

---

घाटकोपर_पूर्व | शुक्रवार, रात्री ८.३०

मध्येच विचारते, माफ करा. माझ्या स्कूटरलाही सकाळी खडखड येते, मेकॅनिक "टायमिंग चेन" म्हणतो. स्कूटरला पण असते का? मला वाटायचं तिला बेल्ट असतो.

---

वर्कशॉपवाला | शुक्रवार, रात्री ९.००

असतो ताई, दोन्ही असतं. बेल्ट मागचं चाक फिरवतो. इंजिनाच्या आत कॅम फिरवायला वेगळी छोटी चेन असते. तिचा टेन्शनर बहुतेक स्प्रिंगचा असतो, तो आधी बदलून बघतात. काम कारपेक्षा खूप स्वस्त आहे, पुढे ढकलू नका. आणि ऑइलची पातळी आजच काडीने बघा. छोट्या इंजिनात ऑइलच थोडं, ते अर्धं झालं तरी दिवा लागत नाही.

---

मुलुंडकर | शनिवार, दुपारी १२.१५

ठरलं. गाडी नेत नाही. सकाळी सेल्फ न मारता ढकलून सोसायटीच्या गेटपर्यंत आणली, फ्लॅटबेडवर चढवली आणि कुर्ल्याला वर्कशॉपवाल्या दादांकडे पाठवली. ते म्हणाले सणात पोरं गावी जातात, काम चतुर्थीनंतरच होईल. चालेल म्हटलं.

बाबांना सांगणं अवघड गेलं. मला वाटलं रागावतील. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग मखराचं सामान आधी कुणाकडे देता येतं बघ." आई-बाबांना मावसभावाच्या गाडीत दोन जागा मिळाल्या. आम्हा तिघांना ठाण्याहून सुटणाऱ्या जादा एसटीत, सोमवारच्या रात्रीच्या. सामान मावसभावाच्याच गाडीच्या टपावर.

---

निवृत्त_फिटर | शनिवार, दुपारी १२.४०

बरं वाटलं. दादांना तीन गोष्टी सांगा, ते करतच असतील तरी सांगा. नुसती चेन बदलायची नाही. चेन, दोन्ही गाईड, टेन्शनर आणि गरारी (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक), सगळा संच. जुन्या गरारीचे दात झिजलेले असले तर नवी चेन लवकर खातात. सामान ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या बाजारातून नवं, बिलासकट आणा. भंगारातला टेन्शनर कितीही चांगला दिसला तरी नको. आणि जोडणी झाल्यावर सेल्फ मारण्याआधी क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा बघायच्या. दोन फेऱ्यांत प्रत्येक वॉल्व एकदा उघडून मिटतो. कुठे अडलं तर हाताला कळतं, सेल्फला कळत नाही.

---

मुलुंडकर | दहा दिवसांनी, रात्री ९.५०

गणपती छान झाले. बाबांनी आरतीला स्वतः झांजा घेतल्या.

परवा गाडी खोलताना कुर्ल्याला गेलो होतो, मुद्दाम रजा टाकून. पुढचं कव्हर निघालं तेव्हा दादांनी काही न बोलता मला हाताने बोलावलं. एक गाईड मधोमध मोडलेला होता. त्याचा बोटभर तुकडा जागेवर नव्हता. तो चेंबर उतरवल्यावर जाळीवर बसलेला मिळाला, शेजारी आणखी दोन बारीक तुकडे. टेन्शनरचा दांडा पूर्ण बाहेर आलेला, आणखी एक खाच पुढे जायला जागा नाही. नवी चेन आणि जुनी चेन एकाच खिळ्याला शेजारी टांगली तर जुनी जवळजवळ अर्ध्या कडीने खाली लोंबत होती. दात घसरला नव्हता, वॉल्व सगळे शाबूत.

खर्च: संच ९,४००, मजुरी ९,०००, ऑइल आणि फिल्टर ३,१००, सील वगैरे १,९००. एकूण २३,४००. दादांनी शेजारीच उभी असलेली दुसरी एक गाडी दाखवली, तिची चेन महामार्गावर तुटली होती. हेड उतरवलेलं, आठ वॉल्व वाकलेले, एका पिस्टनवर अर्धचंद्रासारखे ठसे. तिचा अंदाज ७८ हजारांचा होता आणि मालक अजून हो म्हणाला नव्हता.

दोन फेरे हाताने फिरवले, काका. दुसरा अर्धा फेरा मला फिरवायला दिला.

---

निवृत्त_फिटर | त्याच रात्री, १०.१०

पहिलं ऑइल १,००० किमीला काढा, कव्हर खोलल्यावर सीलंटचे कण आणि उरलेसुरले तुकडे आत राहतात. आणि खरी परीक्षा अजून बाकी आहे. गाडी दोन-तीन दिवस जागची हलवू नका, मग सकाळी काचा खाली करून, पंखा-रेडिओ बंद ठेवून सेल्फ मारा आणि ऐका.

---

मुलुंडकर | चार दिवसांनी, सकाळी ७.०५

काका, आज केलं. तीन रात्री गाडी जागेवर होती. बाबाही खाली आले, बोनेटपाशी उभे राहिले. सेल्फ मारला. इंजिन लागलं आणि नेहमीची डिझेलची टकटक, बाकी काहीच नाही. बंद करून बाबांकडे पाहिलं तर ते म्हणाले, "परत एकदा लाव, मला नीट ऐकू दे."